कागद नसलेला विद्यार्थी आणि महाविद्यालयाचं कार्यालय

(मुंबईतल्या महाविद्यालयांचे प्राचार्य, शिक्षक आणि कार्यालयीन कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मित्रहो, निर्वासितांना शिकवण्याचं काम मुंबईला नवं नाही. फाळणीनंतर कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी 1948 मध्ये जय हिंद कॉलेज सुरू केलं. हैदराबाद-सिंधचं नॅशनल कॉलेज 1949 मध्ये वांद्र्यात पुन्हा उभं राहिलं. त्या शिक्षकांच्या जिद्दीबद्दल आपण नेहमी बोलतो. पण त्यांच्या कामाला एक कार्यालयीन आधार होता, त्याची आठवण क्वचितच निघते. सिंधमधली कॉलेजं 1947 पर्यंत मुंबई विद्यापीठालाच संलग्न होती. मुलाची गुणपत्रिका कराचीच्या घरात राहिली, तरी अभ्यासक्रम आणि परीक्षा आपल्याच विद्यापीठाच्या होत्या. तो काय शिकलाय, याची शंका कुणाला घ्यावी लागली नाही.

आज अफगाणिस्तानातून किंवा म्यानमारमधून आलेल्या मुलाच्या बाबतीत नेमकी हीच सोय नाही. जगभरातल्या निर्वासित तरुणांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी जण उच्च शिक्षणापर्यंत पोचतात. 2030 पर्यंत हे प्रमाण 15 टक्क्यांवर न्यायचं उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाने ठेवलंय. जर्मनीच्या पुढाकाराने 1992 पासून चालणाऱ्या डाफी शिष्यवृत्तीसारख्या योजनाही आहेत. पण पैसा मिळाला तरी प्रवेश मिळतोच असं नाही, कारण मूल अडकतं ते कागदांवर.

भारताने 1951 च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. याचा परिणाम थेट प्रवेश अर्जावर दिसतो. तिथे दोनच पर्याय असतात, भारतीय किंवा परदेशी. ‘परदेशी’वर टिचकी मारली की पासपोर्ट, विद्यार्थी व्हिसा आणि वाढीव फी हे सगळं ओघानेच येतं. जो माणूस आपल्या सरकारच्या भीतीने पळून आला, त्याने पासपोर्टसाठी त्याच सरकारच्या वकिलातीत कसं जायचं? उच्चायुक्तालयाने दिलेलं निर्वासित असल्याचं कार्ड असलं तरी तेवढ्यावर आधार कार्ड मिळत नाही. आधार नाही म्हणून डिजिलॉकर नाही, आणि डिजिलॉकर नाही म्हणून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं, म्हणजे विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) जिथे जमा होतात त्या नोंदवहीचं, खातं उघडत नाही. उच्चायुक्तालयाची कार्यालयं दिल्ली आणि चेन्नईला आहेत, मुंबईतल्या मुलाला तिथवर जावं लागतं. 2011 पासून केंद्र सरकार छाननी करून काही जणांना दीर्घ मुदतीचा व्हिसा देतं, आणि त्यावर शिक्षण घेता येतं. म्हणून असा विद्यार्थी आला की पहिला प्रश्न हाच विचारा: हा व्हिसा आहे का, अर्ज केलाय का, त्याची पोच आहे का? विधी महाविद्यालयांच्या कायदा सहाय्य केंद्रांनी हे अर्ज भरून देण्याचं काम अंगावर घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आता गुणपत्रिकाच नसेल तर काय करायचं? युरोपात याची एक रीत बसलेली आहे. उच्च शिक्षणातल्या पात्रतांना एकमेकांच्या देशात मान्यता देण्यासाठी झालेल्या 1997 च्या लिस्बन करारात निर्वासितांच्या पात्रतेबद्दल स्वतंत्र कलम आहे. त्याच्या आधारे 2017 पासून नॉर्वेच्या पद्धतीवर बेतलेला ‘निर्वासितांचा पात्रता पासपोर्ट’ दिला जातो. आधी विद्यार्थी एक सविस्तर अर्ज भरतो: कुठल्या वर्षी कुठे शिकलो, कोणते विषय होते, परीक्षा कशी असायची. मग आडवे पुरावे गोळा होतात, म्हणजे ओळखपत्र, ग्रंथालयाचं कार्ड, फोनमधला निकालाचा फोटो. त्यानंतर त्या देशाची शिक्षणपद्धती जाणणारे दोन तज्ज्ञ मुलाखत घेतात. यातून मिळणारा कागद पाच वर्षं चालतो. ती पदवी नसते, पण पुढच्या संस्थेला निर्णय घेण्यापुरता आधार मिळतो.

महाविद्यालयाला स्वतःहून समकक्षता, म्हणजे बाहेरचं शिक्षण इथल्या शिक्षणाच्या बरोबरीचं असल्याची मान्यता, देता येत नाही. पण अशी फाइल तयार करून विद्यापीठाकडे तात्पुरत्या पात्रतेची मागणी नक्की करता येते. ती करताना काही चुका हमखास होतात. दुभाषा म्हणून नातेवाईक बसतो आणि उत्तरं तोच देतो. शिक्षक विषय तपासायला बसतात आणि नकळत इंग्रजी तपासतात. कार्यालय मूळ कागद ठेवून घेतं; तसं कधीही करू नका, पाहून लगेच परत द्या. सगळ्यात गंभीर चूक म्हणजे पडताळणीसाठी विद्यार्थ्याला न विचारता त्याच्या देशातल्या विद्यापीठाला पत्र पाठवणं. त्या पत्राने मागे राहिलेल्या कुटुंबाचा माग लागू शकतो. लेखी संमतीशिवाय असं पत्र जाता कामा नये.

नावाचा घोळ तर रोजचाच. बर्मी माणसाला आडनाव नसतं, बऱ्याच अफगाणांना एकच नाव असतं, आणि आपला अर्ज आडनावाशिवाय पुढे सरकत नाही. मग कुणीतरी काहीतरी भरतं आणि तीन वर्षांनी पदवीवरचं नाव कुठल्याच कागदाशी जुळत नाही. पहिल्याच दिवशी एक स्पेलिंग ठरवा, त्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या आणि सगळीकडे तेच वापरा.

देशातल्या देशात आलेल्यांचे अडथळे वेगळे आहेत, पण खिडकी तीच. महाराष्ट्रात डोमिसाईलसाठी 15 वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. गोवंडीत किंवा नालासोपाऱ्यात अकरा महिन्यांच्या करारावर खोल्या बदलत राहिलेल्या कुटुंबाकडे वीजबिल घरमालकाच्या नावाचं असतं. अशा वेळी मुलाच्या शाळांचे सलग बोनाफाईड फार उपयोगी पडतात, ते बारावीतच गोळा करायला सांगा. जातीच्या दाखल्याबाबत पालकांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगा: दुसऱ्या राज्यातून आलेल्यांना मूळ राज्याच्या दाखल्यावर इथलं आरक्षण मिळत नाही. हे प्रवेश रद्द झाल्यावर कळणं फार क्रूर आहे.

आणि प्रवेश झाला तरी 75 टक्के हजेरीचा नियम उभाच असतो. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबातला मुलगा दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर फडावर जातो आणि सत्र परीक्षा चुकतो. इथे नव्या शैक्षणिक धोरणाचा खरा उपयोग आहे. पहिल्या वर्षाचे किमान 40 क्रेडिट आणि त्यावर 4 क्रेडिटचा एक व्यावसायिक अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप झाली की प्रमाणपत्र घेऊन थांबता येतं, आणि जमा क्रेडिट सात वर्षांपर्यंत टिकतात. पण हे मुलाला कोण सांगतं? तो नुसता यायचा थांबतो, आपण हजेरीपटावर लाल रेघ मारतो, आणि बाहेर पडण्याचा अर्ज त्याने भरलेलाच नसतो. वर्गशिक्षकांनी सलग दोन आठवडे गैरहजर असलेल्याला फोन करायचा, जाण्याआधी तो अर्ज भरून घ्यायचा, परत कधी येणार ते विचारून ठेवायचं.

यासाठी नवा विभाग लागत नाही. कार्यालयातला एक ठरलेला कर्मचारी, त्याच्या पाठीशी एक प्राध्यापक आणि जून-जुलैत खिडकीपाशी बसणारे राष्ट्रीय सेवा योजनेचे चार विद्यार्थी पुरे आहेत. त्यांचे वर्षाचे 120 तास भरायचेच असतात. या लोकांची नावं एप्रिलमध्येच ठरवा, कारण प्रवेशाचं संकेतस्थळ एकदा उघडलं की कार्यालयात कुणालाच मान वर करायला वेळ नसतो.