आधी खानावळ, मग खोली

नमस्कार श्रोतेहो.

बारावीचे निकाल लागून कॉलेजच्या याद्या लागायला लागल्या की आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीच्या गल्ल्यांतनं माना वर करून चाललेली माणसं दिसू लागतात. पोराच्या खांद्याला सॅक, बापाच्या हातात फाईल. वर बघत जातात, कारण ‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी गॅलरीच्या गजालाच बांधलेली असते. पाटी दिसली की जिना चढायचा, दार वाजवायचं, आणि आतून उत्तर, "कालच गेली हो. पाटी काढायची राहिली."

माझी सगळी नोकरी कॉलेजच्या ऑफिसात झाली, प्रवेशाच्या खिडकीच्या आतल्या बाजूला. फी भरून पावती हातात पडली की बापमाणूस खिडकीत वाकून विचारायचा, "साहेब, पोराला खोली कुठं मिळंल?" त्यावर मी उलटं विचारायचो, "पोरगं जेवणार कुठं?" माणूस गोंधळायचा. आधी डोक्यावर छप्पर, मग जेवणाचं बघू, असंच सगळ्यांच्या मनात. मी म्हणतो, उलटं करा. आधी खानावळ, मग खोली. लिहून घ्या पाहिजे तर: आधी खानावळ, मग खोली.

का, ते सांगतो. विद्यार्थ्यांच्या खानावळीत रोज दोन वेळा तीच पोरं पंगतीला बसतात. कुणाचा पार्टनर महिनाअखेरीला खोली सोडणार, कुठल्या घरात पाणी पहाटे एकदाच येतं, कुठला मालक रंग दिल्याचं सांगून डिपॉझिटमधनं पैसे कापतो, हे सगळं आमटी वाढून होईपर्यंत कळतं. आणि खानावळ चालवणाऱ्या मावशीला तर त्याहून जास्त ठाऊक. महिन्याचे पैसे कोण वेळेवर देतो, कोण गावाकडं गेलो होतो म्हणून खाडे सांगतो, सगळं तिच्या वहीत. त्यामुळं घरमालकही तिलाच विचारतात, "मावशी, एखादं बरं पोरगं सांगा." चांगली खोली अशीच जाते. गॅलरीत पाटी लागेपर्यंत ती राहतच नाही. पाटी लागते ती उरलेल्या खोलीला.

आता खानावळ निवडायची कशी? दोन वेळा पैसे देऊन जेवा, मग महिना लावा. ‘अनलिमिटेड’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असेल, तर आज भाजी कोबीची असणार हे मी न बघता सांगतो. कोबी वाईट नाही. पण आठवड्यातनं चार वेळा कोबी खाऊन माणूस परीक्षेत काय लिहिणार? असो.

राहण्या-जेवणाची सोय झाली की शिक्षण होतं, ही गोष्ट या गावाला नवीन नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली इथं व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करवलं. मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगं उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्यापाशी उभं राहून नजर फिरवा, यातली काही बोर्डिंगं तिथूनच दिसतात. नुसती शाळा काढून भागत नाही, खेड्यातलं पोर शाळेच्या गावात राहणार कुठं आणि खाणार काय, हे त्या राजाला कळलं होतं. याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, त्याला नाव दिलं शाहू बोर्डिंग. आणि ‘कमवा आणि शिका’ ही त्यांचीच वाट. १९६२ ला स्थापन झालेल्या आपल्या शिवाजी विद्यापीठातही ही योजना आहे. दिवसातले काही तास काम करायचं, उरलेल्या वेळात शिकायचं. त्याची चौकशी प्रवेश घेतानाच करा. बोर्डिंगांचंही तसंच. प्रत्येकाचे नियम वेगळे, जागा मोजक्या, अर्ज लवकर टाका.

खरं तर आज मला एक गोष्ट सांगायची आहे. माझ्या घरच्यांना ती पाठ आहे, पण तुम्ही ऐकली नसेल.

ही ऐंशीच्या दशकातली. राधानगरी तालुक्यातला, पार वरच्या अंगाच्या वाडीतला एक मुलगा आमच्या कॉलेजात बी.कॉम.ला आला. घरी माळ. म्हणजे आजापासून वारकरी, मांस-मासळी चालत नाही. शिवाजी पेठेत लांबच्या मावशीकडं उतरला होता. दोन खोल्या, माणसं सात. मावशी तोंडानं काही बोलायची नाही, पण रात्री अंथरुणं घालताना भांडी जरा जोरात वाजायची. पोराला ते समजायचं. म्हणून जेवणाचा भार तरी नको, तर डबा गावाहून यायचा. एसटीनं.

आजच्या मुलांना हे सांगावं लागतं. सकाळच्या पहिल्या गाडीला आई डबा फडक्यात बांधून कंडक्टरच्या हवाली करायची. गाडी रंकाळा स्टँडला आली की कंडक्टर सगळे डबे उतरवून एका टपरीवर ठेवायचा. पोरं कॉलेज सुटलं की येऊन आपापला डबा न्यायची. पावती नाही, सही नाही. फडक्याच्या गाठीत पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर शाईनं नाव. बस्स.

तर श्रावणातला दिवस, धो धो पाऊस. पुठ्ठ्यावरची शाई धुऊन गेलेली. टपरीवाल्यानं एक पितळी कडीचा डबा याच्या हातात दिला. फडकंही तसंच, वाडीच्या एकाच दुकानातलं. घरी येऊन डबा उघडला तर वरच्या कप्प्यात सुकटीची चटणी! खाली तांदळाची भाकरी, डाळ. आणि भाकरीच्या घडीत एक चिठ्ठी: ‘म्हस दूध देईना झालीया. औषीद घेऊन ह्याच गाडीनं धाड. उशीर करू नगो.’

आता भूक तर लागलेली. याचं नाचणीच्या भाकरीचं जेवण कुणाच्या तरी हातात पडलेलं. यानं काय केलं, तर भाकरी आणि डाळ खाल्ली, सुकटीचा कप्पा तसाच झाकून ठेवला. बोटसुद्धा लावलं नाही. डबा घासला. दुसऱ्या दिवशी तास बुडवून गाडीच्या वेळेला स्टँडवर हजर. का? तर म्हणे, म्हशीचं औषध अडायला नको. आणि रिकामा डबा परत कसा द्यायचा? आपल्याकडं देत नाहीत. म्हणून खिशातल्या चिल्लरचे चिरमुरे घेऊन भाकरीच्या कप्प्यात भरले.

तिकडनं सायकलवरनं एकजण आला. अंगात निळा शर्ट, बोटांच्या पेरांत काळं तेल मुरलेलं. कारखान्यांच्या उद्यमनगरात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, काम करणारा टर्नर. त्याच्याही हातात डबा. यानं विचारलं, "दादा, सुकटीचा डबा तुमचा काय?"

तो म्हणाला, "आणि झुणक्याचा तुझा काय रं? खाल्ला मी. झ्याक हुता."

आणि त्यानंही डबा रिकामा आणला नव्हता. आत गुळाचा खडा, चांगला मुठीएवढा. दोघं एकमेकांचे डबे हातात घेऊन उभे. टर्नरनं झाकण उघडलं, सुकट जशीच्या तशी. "का रं, आमच्या आईच्या हातची नावडली व्हय?"

"तसं न्हाई. आमच्यात माळ हाय."

टर्नरनं चिठ्ठी वाचली, घड्याळ बघितलं, म्हणाला, "चल मागं बस." आधी जनावरांच्या औषधाचं दुकान गाठलं, बाटली घेतली, परत स्टँडवर येऊन त्याच गाडीच्या ड्रायव्हरकडं दिली. तोवर चौकशी सुरूच. काय शिकतोस, बी.कॉम., मग हिशेब लिहिता येतो का. आणि तिथनं थेट उद्यमनगर, गाळ्याच्या मालकापुढं. ओळख काय करून दिली माहीत आहे? "मालक, माळकरी पोरगं हाय. लोकाच्या डब्यातली सुकट झाकून परत आणून दिली. तुम्हाला हिशेबाला माणूस पायजे हुता न्हवं?"

आता, माळ घातली म्हणून माणूस सचोटीचा असतो यावर माझा विश्वास नाही. माळ घालून माप मारणारे दुकानदार मी पाहिलेत, आणि त्यातले काही अजून दुकान चालवतात. पण मालकाचा बसला.

मालक म्हातारा. बोलायला कमी. भिंतीवर तारेच्या आकड्यात वर्षभराची बिलं आणि चलनं, म्हणजे माल पाठवल्याच्या चिठ्ठ्या, ओवलेली, सगळ्यांवर तेलाचे अंगठे. तो गठ्ठा काढून त्यानं पोरासमोर टाकला. "हे तारखेवार लाव." बसायला खुर्ची नाही, तेलाचा उलटा डबा. पोरगं संध्याकाळपर्यंत तिथं. मधे मधे कागदाला चिकटलेला लोखंडाचा किस बोटात घुसायचा, ते तोंडात बोट घालून पुन्हा लावायला बसायचं. शेवटी उठून म्हणालं, "मालक, ह्या एका मालाची चलनं दोन हाईत, पण बिल कुठं दिसत न्हाई." मालकानं चष्मा लावला, बघितलं, पुन्हा बघितलं. माल जाऊन महिने झाले होते आणि बिल पाठवायचंच राहिलं होतं!

मालकानं विचारलं, "ऱ्हातोस कुठं?"

यानं मावशीचं सांगितलं. भांड्यांचं नाही सांगितलं, पण म्हाताऱ्यानं ओळखलं असावं. गाळ्याला लाकडी माळा होता, जुने पॅटर्न ठेवायला. पॅटर्न म्हणजे ओतकामाचे लाकडी साचे. ते एका बाजूला सारले आणि पोराची वळकटी वर गेली. भाडं नाही. रात्री गाळ्यावर लक्ष ठेवायचं, संध्याकाळी हिशेब लिहायचा, महिन्याला पगार वेगळा. टर्नर ज्या खानावळीत रात्रीचा जेवायचा, तिथं यालाही लावून दिलं. खाली लेथ रात्री आठपर्यंत घुमत असायचं आणि हा वर बसून अकाउंट्स करायचा. इतकी सवय झाली, की परीक्षेच्या हॉलमध्ये शांततेनं त्याचं डोकं चालेना. मला येऊन विचारतो, "साहेब, पेपरला आवाजाच्या खोलीत बसवता येतंय काय?"

तीन वर्षं त्या माळ्यावर काढली त्यानं. आज त्याच भागातल्या कितीतरी कारखान्यांचे टॅक्सचे कागद तोच बघतो. मधे एकदा मी गंमत म्हणून विचारलं, "म्हशीचं काय झालं रे?" तर म्हणाला, "दूध द्यायला लागली की. पुढं व्याली तेव्हा त्या टर्नरच्या आईनं मला खरवस धाडला होता. त्याच गाडीनं."

बघा, बोलता बोलता किती वेळ गेला. निवेदक घड्याळ दाखवतायत. उरलेलं भराभरा सांगतो.

कामाचं. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव इथल्या कारखान्यांत कॉमर्सच्या मुलांना संध्याकाळचं हिशेबाचं, बिलांच्या एन्ट्रीचं काम आजही मिळतं. मेडिकल दुकानं, झेरॉक्स-डीटीपी, लहान मुलांच्या शिकवण्या, सकाळी पेपर टाकणं हेही आहे. ‘नोकरी लावतो, आधी नोंदणीचे पैसे भरा’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. आणि मूळ मार्कलिस्ट, मूळ दाखला कुणाकडंही ठेवायला द्यायचा नाही. झेरॉक्स द्या. पुन्हा सांगतो, मूळ कागद कुणालाही नाही.

सोयीसवलतींचं. जवळच्या गावचे असाल तर खोलीच्या भानगडीत पडायच्या आधी एसटीच्या पासाचा हिशेब करा. विद्यार्थ्यांच्या मासिक पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे तिसरा हिस्साच भरायचा. अनुसूचित जातीच्या ज्या विद्यार्थ्यांना सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जेवण, राहणं आणि इतर खर्चाची रक्कम त्यात मिळते. समाजकल्याण कार्यालयात जा. आजारी पडलात तर सीपीआर हा सरकारी दवाखाना आहे, केसपेपर काढायला सकाळी लवकर जा. अभ्यासाला जागा नसेल तर वाचनालयं आहेत. आपलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं. कॅफेत एक कॉफी घेऊन तीन तास बसणाऱ्यांचं मला कळत नाही. तेवढ्या पैशात वाचनालयाची वर्गणी होते की.

आणि कराराचं राहिलंच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, त्याचं कलम ५५. भाड्याचा करार लेखी पाहिजे आणि नोंदलेला पाहिजे, आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. मालकाची. तोंडी बोलण्यावर डिपॉझिट देऊ नका. दिलं तर रोख देऊ नका. खोलीत पहिल्या दिवशी पाऊल टाकताच भिंती, नळ, खिडक्यांचे फोटो काढून मालकाच्याच मोबाईलवर पाठवा. मालक रागावला तर रागावू दे, तुम्ही पाठवाच.

मुलींच्या खोल्यांबद्दल बरंच बोलायचं होतं. पुढच्या बुधवारी याच वेळेला मुलींची खानावळ चालवणाऱ्या एक काकी माझ्यासोबत असतील, त्याच सांगतील. मला मधे बोलू देतील असं वाटत नाही. नमस्कार.