खाटेशेजारची खुर्ची

श्रोतेहो, नमस्कार. बरे होण्याची आशा मावळलेल्या रुग्णाच्या वेदना कमी करून त्याचे उरलेले दिवस सुसह्य करणाऱ्या ठिकाणाला हॉस्पिस म्हणतात. लंडनमध्ये डेम सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केले, आणि आपल्याकडे १९८६ साली मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन उभे राहिले, ते भारतातले पहिले. सॉन्डर्सबाई आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि अखेर डॉक्टर झालेल्या. म्हणूनही असेल, पण वेदना शरीराइतकीच मनाची, नात्यागोत्याची आणि श्रद्धेचीही असते, हे त्यांनी आग्रहाने मांडले. मला आज बोलायचे आहे ते मात्र खाटेशेजारच्या खुर्चीत बसणाऱ्या स्वयंसेवकाविषयी, कारण दर गुरुवारी दुपारी त्या खुर्चीत मी बसते.

साधना ही रुग्णाला द्यायची वस्तू आहे, अशी सुरुवातीला माझी समजूत होती. एका आजोबांच्या उशाशी मी भक्तिभावाने स्तोत्र म्हणायला घेतले, तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले आणि ते संपल्यावर शांतपणे विचारले, "बाई, झालं असेल तर स्कोअर बघता का?" मी ओशाळले. त्यांना लागलेली धाप मला बघवत नव्हती आणि स्तोत्राची गरज त्यांच्यापेक्षा मलाच होती, हे कळायला पुढे बरेच दिवस गेले.

तेव्हापासून नामस्मरण मी बेसिनपाशी करते. एका खाटेकडून दुसरीकडे जाताना हात धुवावेच लागतात. तेवढ्या वेळात मनातल्या मनात नाम घेते आणि मगच नळ बंद करते. माझा एक सहकारी इगतपुरीला विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर करून आलेला आहे, तो नुसता आपल्या श्वासाकडे लक्ष ठेवून बसतो. दुसरी एक मैत्रीण पर्समध्ये रोझरी बाळगते. वाट कोणती, याला माझ्या मते फारसे महत्त्व नाही. गिळता येईनासे झालेल्या माणसाचे ओठ भिजवलेल्या बोळ्याने ओले करताना आपले लक्ष त्या ओठांवर राहते की नाही, एवढेच मी पाहते.

"मी सगळं देवावर सोपवलंय, मला काही त्रास होत नाही," असे म्हणणाऱ्या स्वयंसेवकाची मला जास्त काळजी वाटते. रडू दाबण्यासाठी जपाचा उपयोग करता येतो, मीही केला आहे. पण ते रडू पुढे घरी, भाजी निवडताना, भलत्याच निमित्ताने बाहेर पडते. आमच्या समन्वयक ताई महिन्यातून एकदा सगळ्यांना चहाला बसवतात आणि गेलेल्यांविषयी बोलायला लावतात. या बैठकीला मी साधनेइतकेच मानते, देवभोळ्या मंडळींना हे पटो न पटो.

गेल्या गुरुवारी तिसऱ्या खाटेवर नवी चादर घातलेली दिसली. मी बेसिनपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभी राहिले, तोच चौथ्या खाटेवरच्या मावशींनी हाक मारली. त्यांना रेडिओचा आवाज थोडा वाढवून हवा होता.