जुन्या मोटारीची बॅटरी बदलण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

ठाण्यात, म्हणजे नौपाड्यात, पाचपाखाडीत, वागळे इस्टेटच्या गल्ल्यांत जुनी मोटार जीवापाड जपणारी माणसं आजही भेटतात. दसरा जवळ आला की गाडीवरचं कव्हर निघतं, सेल्फ मारला जातो आणि नुसतं 'टक्' होतं. बॅटरी गेली, असा निकाल तिथल्या तिथे लागतो. नवी बॅटरी येते आणि आठवड्याभरात तीही बसते. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी मोजा.

1912 सालच्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेवरचा स्टार्टर आला आणि हँडल फिरवण्याचे दिवस सरू लागले. पुढे कित्येक वर्षं बऱ्याच गाड्या 6 व्होल्टवरच चालल्या. 36 वॉटचा दिवा 12 व्होल्टवर 3 अँपिअर घेतो, तोच 6 व्होल्टवर 6 अँपिअर घेतो. त्यामुळे अशा गाडीला वायर जाड लागते आणि सांधा स्वच्छ लागतो. आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यात चार महिन्यांचा पाऊस. अर्थिंगच्या, म्हणजे बॅटरी बॉडीला जोडणाऱ्या पट्टीखाली गंज धरतो, वरून मात्र काहीच दिसत नाही.

तो असा पकडायचा. इग्निशन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये. व्होल्टमीटरचं एक टोक बॅटरीच्या अर्थच्या शिशाच्या खुंटीवर टेकवा. क्लँपवर नको, खुंटीवरच. दुसरं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडावर. आता कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. काटा जेमतेम हलायला हवा. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला, तर सेल्फच्या वाट्याचे व्होल्ट त्या सांध्यातच जिरताहेत. पट्टी सोडा, खालचा रंग आणि गंज लोखंड चमकेपर्यंत खरवडा, नट घट्ट आवळा आणि मग वरून व्हॅसलीन लावा.

सांधे चांगले निघाले तर बॅटरीकडे वळा. चार्ज करून काही तास तशीच ठेवा, मग प्रत्येक सेलमध्ये, म्हणजे बॅटरीच्या प्रत्येक कप्प्यात, आम्लाची घनता मोजणारा हायड्रोमीटर घाला. सगळे सेल 1250 च्या आसपास असतील तर बॅटरी चार्ज धरते आहे. एकच सेल 50 ने मागे असेल, तर त्या सेलवर संशय घ्या.

राहिला डायनॅमो, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून चार्जिंग बघायची सवय अनेक गॅरेजमध्ये आहे. कृपा करून हे करू देऊ नका. तिसऱ्या ब्रशच्या, म्हणजे वेगळा रेग्युलेटर नसलेल्या जुन्या डायनॅमोला बॅटरीच आवर घालते. ती सुटली की व्होल्ट भडकतात, बल्ब उडतात आणि फील्डचं, म्हणजे डायनॅमोतल्या चुंबकाचं वाइंडिंगही जळू शकतं.

व्होल्ट आवरणारा वेगळा रेग्युलेटर असलेला, लुकास कंपनीचा 12 व्होल्टचा डायनॅमो असेल, तर त्याच्या डी आणि एफ या दोन्ही वायरी काढा, ती दोन टर्मिनल एकमेकांना जोडा, आणि तिथून बॉडीपर्यंत मीटर लावा. रेस हळूहळू वाढवा, मिनिटाला हजार फेऱ्यांच्या पुढे जाऊ नका. व्होल्ट सरसर चढले तर डायनॅमो ठीक, दोष पुढे रेग्युलेटरमध्ये किंवा वायरिंगमध्ये. एका व्होल्टवर अडकले तर बहुधा फील्ड, चार-पाचावर अडकले तर आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा भाग. काहीच आलं नाही, तर आधी कार्बन ब्रश काढून बघा. ते झिजलेले किंवा अडकलेले असतात, आणि हे काम सगळ्यांत स्वस्तात होतं.

नमस्कार.