प्रॉम्प्टने काय सांगावं?

टर्मिनलमध्ये कर्सरच्या आधी जो प्रॉम्प्ट असतो, तो सजवायची हौस सगळ्यांनाच असते. माझं म्हणणं असं, की आधी ठरवा, एंटर दाबण्यापूर्वी आपल्याला काय ठाऊक असलं पाहिजे? रंगरंगोटी त्यानंतर.

शेल म्हणजे आपण लिहिलेल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम. १९७९च्या बोर्न शेलमध्ये साध्या यूजरला डॉलरचं चिन्ह दिसायचं आणि रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या यूजरला, हॅश. ही खूण आजही टिकून आहे, आणि ती टिकलीच पाहिजे. हॅश दिसला की हात आपोआप सावरतो.

बॅश या शेलमध्ये प्रॉम्प्टचा मजकूर पीएस-वन या व्हेरिएबलमध्ये असतो. त्यात बॅकस्लॅश-यू म्हणजे यूजर, बॅकस्लॅश-एच म्हणजे मशीनचं नाव, आणि बॅकस्लॅश-डॉलर लिहिलं की डॉलर की हॅश हे शेल स्वतः ठरवतो. जागा वाचवायला मशीनचं नाव काढून टाकणारे पुष्कळ आहेत. कृपा करून तसं करू नका. एसएसएचच्या, म्हणजे दूरच्या सर्व्हरशी जोडलेल्या, चार खिडक्या उघड्या असताना फाइल पुसणारी आरएम कमांड कुठल्या सर्व्हरवर चालणार, हे तेवढं एक नावच सांगतं. डिरेक्टरीचंही तसंच. बॅकस्लॅशनंतरचा मोठा डब्ल्यू फक्त शेवटचं नाव दाखवतो, आणि लॉग्ज नावाची डिरेक्टरी दहा ठिकाणी असू शकते. म्हणून पूर्ण पाथ दाखवणारा छोटा डब्ल्यू वापरा. पाथ लांबला तर बॅश ४पासून प्रॉम्प्ट-डरट्रिम हे व्हेरिएबल आहे. त्यात २ लिहिलं की पाथचे शेवटचे दोनच टप्पे दिसतात.

आता रंग. खरी अडचण इथेच येते. ३१ लाल, ३२ हिरवा, ० म्हणजे पूर्ववत, इतकं सगळेच शोधून काढतात. पण रंगाचे हे कोड पडद्यावर दिसत नसले, तरी बॅश त्यांना अक्षरं समजून मोजतो आणि प्रॉम्प्टची लांबी चुकते. मग लांब कमांड लिहिताना मजकूर पुढच्या ओळीवर न जाता त्याच ओळीवर चढतो. वरचा बाण दाबून जुन्या कमांड चाळल्या, तर त्यांचे तुकडे मागे उरतात आणि पुसताही येत नाहीत. दोष टर्मिनलला दिला जातो. उपाय सोपा आहे. प्रत्येक रंगकोडाच्या आधी बॅकस्लॅश आणि उघडा चौकोनी कंस, नंतर बॅकस्लॅश आणि बंद चौकोनी कंस. आत फक्त कोड ठेवा, दिसणारं एकही अक्षर नको.

गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनातली चालू ब्रँच, म्हणजे कामाची शाखा, दाखवायची असेल, तर पीएस-वनची व्हॅल्यू सिंगल कोट्समध्येच लिहा. डबल कोट्समध्ये ब्रँच विचारणारी कमांड व्हॅल्यू देतानाच एकदा चालते आणि तेच उत्तर गोठून राहतं. तुम्ही दुसऱ्या ब्रँचवर गेलात तरी प्रॉम्प्ट जुनंच नाव दाखवतो. असा खोटं बोलणारा प्रॉम्प्ट असण्यापेक्षा नुसता डॉलर बरा.

मागची कमांड फसली का, हेही प्रॉम्प्टमध्ये दाखवता येतं. प्रत्येक प्रॉम्प्टआधी चालणाऱ्या प्रॉम्प्ट-कमांड या व्हेरिएबलमध्ये एक फंक्शन ठेवा आणि त्याच्या पहिल्याच ओळीत एक्झिट स्टेटस, म्हणजे मागची कमांड कशी संपली हे सांगणारा आकडा, जपून ठेवा, कारण मध्ये दुसरी कमांड चालली की तो आकडा बदलतो. शून्य असेल तर काहीच दाखवू नका. १२७ दिसला तर कमांडच सापडलेली नाही, १३० दिसला तर कंट्रोल-सीने थांबवलेली आहे.

हे सगळं आधी उघड्या टर्मिनलमध्येच करून बघा. बिघडलं तर खिडकी बंद करा, काही नुकसान नाही. जमलं की बॅश सुरू होताना वाचतो त्या बॅशआरसी फाइलमध्ये टाका. सर्व्हरवरच्या फाइलमध्ये मशीनचं नाव लाल करा, स्वतःच्या मशीनवर हिरवं. रंगाचा आकडा सोडून बाकी ओळ दोन्हीकडे तीच राहू द्या.