दहा श्वासांचा एक मणी

बाळाला न्यूमोनिया आहे का, हे ओळखायला डॉक्टर एक मिनिट श्वास मोजतात. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास 60 किंवा जास्त भरले, की धोका. दोन महिन्यांपुढे वर्षापर्यंत ही रेषा 50. पण गडचिरोलीच्या खेड्यांतल्या बऱ्याच सुइणींना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. मग साठ मोजायचे कसे?

'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी मोजणीच दहावर आणली. ही फळी पाहा. एक मिनिटाची वाळूघडी आणि मण्यांच्या दोन रांगा. तान्ह्या बाळाच्या रांगेत पाच हिरवे मणी, एक लाल. थोरल्याच्या रांगेत चार हिरवे, एक लाल. घडी उलटी करायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, पुन्हा एकपासून सुरू. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर श्वास जलद. आकडा वाचायचाच नाही, रंग बघायचा.

चुका होतात त्या मोजण्यात. पोट वर येऊन खाली गेलं, की एक श्वास. वर-खाली वेगळं मोजलं तर आकडा दुप्पट होतो आणि धडधाकट बाळ आजारी ठरतं. रडत्या किंवा दूध पिणाऱ्या बाळाचा श्वास मोजू नये. दुपटं बाजूला करून पोट उघडं दिसायला हवं. घाईत पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं तर नकोच: तान्ह्याचा श्वास मध्येच थबकतो, मध्येच धावतो. म्हणून पूर्ण मिनिट, आणि पहिल्यांदा साठ भरले तर बाळ शांत असताना पुन्हा एकदा.

1995 पासून 39 गावांत आरोग्यदूत बायका घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या. अर्भकमृत्यूंतला मोठा वाटा पहिल्या महिन्यातलाच. तिथले नवजात मृत्यू हजारी 62 वरून तिसऱ्या वर्षी 25 च्या आसपास आले. 2011 मध्ये घरभेटींची ही रीत देशभरातल्या आशांकडे गेली: दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, घरी झालं तर पहिल्या दिवशीही.

आता या बाळाकडे बघा. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातोय, दूधही सोडलंय. इथे पाच हिरवेच मणी सरकले असले, तरी वाट बघायची नाही. बाळाला आईच्या अंगाशी गुंडाळून थेट दवाखान्यात न्यायचं.