रद्द करायचं बटण कुठे आहे?

(दृश्य : टेबलावर वरून लावलेला कॅमेरा. कागदी फोन. एका बाईंचा अंगठा.)

या फिल्ममधला हा फोन कागदाचा आहे : ॲपचे पडदे, म्हणजे स्क्रीन, तपासून बघायचा नमुना. पुठ्ठ्याची चौकट, तिच्यातून सरकणाऱ्या कागदी पट्ट्या आणि पट्ट्यांवर पेन्सिलीनं काढलेली बटणं. समोर बसलेल्या काकूंचं कोथरूडला स्टेशनरी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. त्यांना एकच काम दिलंय : पुढच्या महिन्यापासून हे ॲप नको आहे, तर ते बंद करून दाखवा.

अंगठा 'माझं खातं'वर जातो. पलीकडे बसलेली डिझायनर पट्टी सरकवते, पुढचा कागद येतो. काकू 'सेटिंग्ज' दाबतात. परत मागे येतात. मग 'मदत'. मग थांबतात.

"अगं, पैसे भरायचं बटण एवढं ठळक होतं. हे कुठं ठेवलंय?"

डिझायनर उत्तर देत नाही. चाचणी चालू असताना सांगायचं नाही, सुचवायचं नाही. समोरच्या माणसाला मनातलं मोठ्यानं बोलू द्यायचं आणि तो जिथे अडला ती जागा टिपून ठेवायची. १९८२ साली आयबीएममध्ये असताना क्लेटन लुईस यांनी सॉफ्टवेअरसाठी ही पद्धत मांडली. तिला कागद, पेन्सिल आणि गप्प बसण्याची तयारी एवढंच लागतं.

(दृश्य : भिंतीवरच्या पिवळ्या चिठ्ठ्या. कॅमेरा सावकाश डावीकडून उजवीकडे.)

बाणेरच्या या ऑफिसात छोट्या दुकानांसाठी बिलिंगचं ॲप तयार होतं. महिन्याला ठरावीक रक्कम भरायची, त्यात बिलं, मालाचा साठा आणि जीएसटीचा हिशेब. चाचणीला एका वेळी पाचच दुकानदार बोलावतात. ॲप-वेबसाइट वापरायला किती सोप्या, याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २०००मध्ये हिशेब मांडून दाखवला होता, की वापरणारे पाच जण नीट बघितले तर अडचणींपैकी साधारण ८५ टक्के समोर येतात. म्हणून पाच जण बघायचे, दुरुस्ती करायची आणि मग नवे पाच बोलवायचे.

भिंतीवर चिठ्ठ्यांची सगळ्यात मोठी रांग ॲपच्या एकाच पडद्याच्या चित्राखाली लागली आहे. तो पडदा ॲप बंद करण्याचा आहे.

(दृश्य : कपाटातून बाहेर काढलेले सॉफ्टवेअरचे जुने खोके, सीडी, त्यावरचा लांबलचक क्रमांक.)

पूर्वी सॉफ्टवेअर असं खोक्यातून यायचं. पैसे एकदा द्यायचे आणि कॉम्प्युटर चालेल तोवर वापरायचं. विकणाऱ्याचा संबंध गल्ल्यापाशी संपायचा. १९९९मध्ये सुरू झालेल्या सेल्सफोर्स या अमेरिकी कंपनीनं सॉफ्टवेअर इंटरनेटवरून, ठरावीक मुदतीच्या पैशांवर द्यायला सुरुवात केली. २०११मध्ये मायक्रोसॉफ्टचं ऑफिस ३६५ आलं. मे २०१३मध्ये ॲडोबीनं जाहीर केलं, की क्रिएटिव्ह सूट या सॉफ्टवेअर-संचाची पुढची आवृत्ती येणार नाही, यापुढचं फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर वर्गणीवरच मिळेल.

या बदलानं डिझायनरचं काम मुळापासून बदललं. खोका विकला गेला, की आतला पडदा कितीही किचकट असो, पैसे परत जायचे नाहीत. वर्गणीत मात्र गिऱ्हाईक दर महिन्याला नव्यानं ठरवतं, की राहायचं की जायचं. कंपनीपुढे मग दोन वाटा असतात. एक, ॲप इतकं सोयीचं करायचं की जावंसं वाटू नये. दुसरी, जायची वाटच सापडू द्यायची नाही. दुसरी वाट स्वस्त पडते. या फिल्मचं म्हणणं आहे, की तिला डिझाइन म्हणू नये.

(दृश्य : स्क्रीनवर न्यायालयीन कागदपत्रांची पानं. पिवळ्या रंगानं अधोरेखित केलेल्या ओळी.)

हॅरी ब्रिग्नल या ब्रिटिश डिझायनरनं २०१०मध्ये अशा युक्त्यांना 'डार्क पॅटर्न' हे नाव दिलं आणि त्यांची यादी करायला घेतली. त्या युक्त्या किती विचारपूर्वक रचल्या जातात, ते या पानांवर दिसतं. जून २०२३मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेनं, ॲमेझॉनवर खटला भरला. प्राइमचं सदस्यत्व सोडायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय पार करावे लागत, असं तक्रारीत म्हटलं आहे. कंपनीच्या आत या प्रवासाला 'इलियड' म्हणत. होमरच्या त्या लांबलचक महाकाव्याचं नाव. सप्टेंबर २०२५मध्ये हे प्रकरण अडीच अब्ज डॉलरवर मिटलं. जून २०२४मध्ये ॲडोबीवरही खटला दाखल झाला. वर्षाचा करार आणि पैसे महिन्याला, अशा योजनेतून मध्येच बाहेर पडलं तर उरलेल्या रकमेच्या निम्मे पैसे आकारले जात, आणि ही अट बारीक अक्षरांत, एका छोट्या चिन्हामागे ठेवलेली होती, असा आरोप त्यात आहे.

जर्मनीत १ जुलै २०२२पासून वेबसाइटवर करार रद्द करण्याचं बटण ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत १३ डार्क पॅटर्नची नावं आहेत. वर्गणीचा सापळा त्यांत आहेच, आणि सॉफ्टवेअरची वर्गणी गुपचूप कापत राहणं हा प्रकारही वेगळा नोंदलेला आहे. फुकट वापरून बघायला देताना आधीच पैसे कापायची परवानगी मागणं, हेसुद्धा त्या सापळ्यात मोडतं.

(दृश्य : पुन्हा बाणेर. दोन डिझायनर एकाच स्क्रीनसमोर. माउसचा बाण एका फिकट ओळीवर.)

आता ती फिकट ओळ बघा. ॲपच्या जुन्या आवृत्तीत रद्द करण्याचा दुवा असा होता. पांढऱ्यावर राखाडी अक्षरं. रंगांतला फरक मोजणारं साधन त्यावर धरलं, की आकडा येतो : २.३ ला १. वेब सर्वांना वाचता यावं म्हणून ठरलेल्या निकषांत साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ हवं. चाळिशी लागलेल्या माणसाला ही ओळ दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दिसणंच कठीण. शिवाय ती दाबल्यावर योजना बंद व्हायची नाही. 'आमचा प्रतिनिधी आपल्याला फोन करेल' असा निरोप यायचा.

नवा पडदा बनताना आम्ही कॅमेरा चालूच ठेवला. आधी जागा ठरली : 'माझी योजना' उघडली, की 'योजना बदला' आणि 'योजना बंद करा' ही दोन बटणं शेजारी, सारख्या आकाराची. अँड्रॉइडच्या शिफारशीप्रमाणे उंची ४८ डीपी (पडद्यावरचा आकार मोजायचं माप), म्हणजे जाड बोटालाही सापडेल एवढी. मग भाषा ठरली. पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, 'नको, मला माझा धंदा वाढवायचा नाही'. रद्द करणाऱ्याला ते वाक्य दाबायला लावणार होते. टीममधल्याच एकीनं ते खोडलं. माणसाला ओशाळं करून थांबवणं हाही त्या १३ प्रकारांतला एक आहे.

त्यानंतर तीन गोष्टी ठळक लिहिल्या गेल्या : ॲप कोणत्या तारखेपर्यंत चालेल, पुढे पैसे कापले जाणार नाहीत, आणि जुनी बिलं एक्सेलमध्ये कशी उतरवून घ्यायची. ही तिसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची आहे. दुकानदाराची वर्षभराची बिलं ॲपमध्ये अडकलेली असतील, तर बटण कितीही मोठं करा, त्याला जाता येत नाही.

(दृश्य : किमतीचं पान. आकडे बदलताना दिसतात.)

मग टीम उलट्या दिशेनं, सुरुवातीच्या पानाकडे आली. जुन्या पानावर किंमत ४९९ होती. शेवटच्या टप्प्यावर १८ टक्के जीएसटी चढून ती ५८८ रुपये ८२ पैसे व्हायची. आता तीच रक्कम पहिल्या पानावर आहे. 'मोफत १४ दिवस' याच्या खाली आता तारीख आणि वार येतो, कारण चाचणीला आलेल्यांपैकी कुणीच दिवस मोजून लक्षात ठेवत नव्हतं.

(दृश्य : स्क्रीनवर दोन मराठी फाँट शेजारी शेजारी. एकात वेलांटी कापली गेलेली.)

हे दृश्य मला फार मोलाचं वाटतं. बटणांची चौकट रोमन अक्षरांच्या मापानं आखली होती. देवनागरीत मजकूर भरला, की वरची वेलांटी आणि अनुस्वार छाटले जायचे, खाली उकार गायब. 'रद्द'मधला जोडाक्षराचा पाय अर्धाच दिसायचा. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांच्या गटानं केलेला 'मुक्ता' हा खुला फाँट घेतला, ओळींमधलं अंतर वाढवलं, बटणाची उंची अक्षराप्रमाणे ताणली जाईल असं केलं. मराठी हा इंग्रजी पडद्यावर चढवायचा थर मानला, की असंच होतं. इथे आता आधी मराठी पडदा काढतात.

(दृश्य : काकूंच्या दुकानात. काउंटरवर फोन वाजतो. बँकेचा मेसेज.)

पैसे कापण्याआधी किमान २४ तास हा मेसेज यायलाच हवा. रिझर्व्ह बँकेचा हा नियम १ ऑक्टोबर २०२१पासून पूर्णपणे लागू झाला. १५ हजार रुपयांपर्यंतचे नेहमीचे हप्ते ओटीपीशिवाय जातात, पण आधी सूचना द्यावीच लागते आणि त्या वेळी नको म्हणायची सोयही द्यावी लागते. जुलै २०२०मध्ये आलेल्या यूपीआय ऑटोपेमध्येही, म्हणजे यूपीआयवरून हप्ते आपोआप कापायच्या सोयीतही, दिलेली परवानगी आपल्याच यूपीआय ॲपमधून मागे घेता येते. म्हणजे भारतातल्या गिऱ्हाइकाला ॲपच्या बाहेरूनही वर्गणी थांबवता येते. डिझायनरनं हे गृहीत धरायला हवं. परवानगी तिकडून काढून घेतली, तर इकडच्या ॲपनं 'पेमेंट अयशस्वी' म्हणून लाल पट्टी दाखवत राहायचं, की सरळ विचारायचं, 'आपल्याला योजना बंद करायची आहे का?' या टीमनं दुसरा मार्ग घेतला.

काकू मेसेज वाचतात आणि म्हणतात, "आम्ही दुधाचा रतीब लावतो. गावाला जायचं असलं की आदल्या दिवशी सांगतो, चार दिवस नको. एवढं सोपं असलं की झालं."

त्या वाक्यावरून पुढचं बटण आलं : 'महिनाभर थांबवा'. उन्हाळ्याच्या सुट्टीत झेरॉक्सचं दुकान थंडावतं, तेव्हा ते उपयोगी पडतं.

नवी आवृत्ती आल्यावर पहिल्या महिन्यात सोडून जाणारे वाढले, पुढे त्यांतले काही परतले.

(दृश्य : नवे कागद, नवी पेन्सिल. चौकटीत दोन नावं.)

सध्या टेबलावर वेगळाच पडदा आहे. काकूंच्या दुकानाचं खातं त्यांच्या भाच्याच्या नंबरवर उघडलेलं आहे. ॲप त्यानंच लावून दिलं, ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि तो दिवसभर हिंजवडीला. छोट्या दुकानांत हे सर्रास होतं. पैसे एकाचे, दुकान दुसऱ्याचं, नंबर तिसऱ्याचा. बंद करायचं बटण समोर असूनही काकूंना ते दाबायला भाच्याच्या जेवणाच्या सुट्टीची वाट बघावी लागते. म्हणून आता 'खातं माझ्या नावावर करा' असा पडदा काढला जातोय. त्यात भाच्याची संमती कधी घ्यायची, जुन्या बिलांवर कुणाचं नाव राहील, आणि तो नंबरच बंद पडला असेल तर काय, यावर सकाळपासून वाद चालू आहे. पहिल्या पाच दुकानदारांना पुढच्या आठवड्यात बोलावलंय.