न आलेल्या एल्कने उलटवलेली मर्सिडीज

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय आहे मर्सिडीज-बेन्झ. बॉनेटवर तीन टोकांचा तारा असलेली गाडी गावात आली की कुणाची आली हे विचारावं लागत नाही. साखर कारखान्याचे चेअरमन, बिल्डर, नट, फार तर मोठा डॉक्टर. आपल्याकडे ‘मर्सिडीजमधून उतरला’ एवढं म्हटलं की बाकीचं सांगावंच लागत नाही. आज मात्र ही गाडी उलटली तेव्हाचं सांगणार आहे. अगदी खरोखर उलटली, टपावर पडली, आणि सगळं जग हसलं.

त्याआधी इतिहास, पण भरभर. २९ जानेवारी १८८६ रोजी मानहाइमच्या कार्ल बेन्झने तीन चाकांच्या मोटारगाडीचं पेटंट मागितलं. त्याच सुमारास तिथून शंभरेक किलोमीटरवर, कानश्टाटमध्ये, गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख स्वतंत्रपणे तेच करत होते. मर्सिडीज हे एमिल येलिनेक नावाच्या व्यापाऱ्याच्या मुलीचं नाव. डाइमलरच्या गाड्या विकणाऱ्या या गृहस्थाने १९०० च्या सुमारास ते गाड्यांना दिलं. १९२६ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या. युद्धकाळाचं पान काळं आहे आणि ते उलटून पुढे जाऊ नये. १९४४ मध्ये डाइमलर-बेन्झच्या कामगारांपैकी जवळजवळ निम्मे सक्तीने आणलेले होते. त्यांत परदेशी मजूर होते, युद्धकैदी होते, छळछावण्यांतले बंदी होते.

युद्धानंतर नाव झालं ते सुरक्षेमुळे. अपघातात पुढचा भाग चुरगाळावा आणि माणसं बसतात तो भाग शाबूत राहावा, ही कंपनीच्या बेला बारेनी या अभियंत्याची कल्पना १९५९ च्या मॉडेलमध्ये आली. १९७८ मध्ये मोटारींचे भाग बनवणाऱ्या बॉश कंपनीबरोबर एबीएस आलं, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. मग एअरबॅग. आणि दुसरं नाव झालं ते टिकाऊपणामुळे. ग्रीसमधल्या एका टॅक्सीवाल्याने १९७६ च्या २४० डी गाडीवर इंजिनं बदलत बदलत ४६ लाख किलोमीटर काढले. ती गाडी आता कंपनीच्या संग्रहात आहे. त्या गाडीचं २.४ लिटरचं डिझेल इंजिन ज्या घराण्यातलं, त्याच घराण्यातलं इंजिन परवाना घेऊन पुण्याच्या बजाज टेम्पोने बनवलं आणि ट्रॅक्समध्ये बसवलं. वडाप म्हणा, काळी-पिवळी म्हणा, जिच्यात पंधरा-पंधरा माणसं कोंबून तालुक्याला गेली, त्या गाडीच्या बॉनेटखाली मर्सिडीजच होती. तेव्हा मर्सिडीजमध्ये कधी बसलो नाही असं छातीठोकपणे कुणी सांगू नये.

हे झालं नाव कमावण्याचं. आता ते कसं गेलं ते ऐका, कारण मला खरी हीच गोष्ट सांगायची आहे. ती घडते स्वीडनमध्ये. दोन वेळा.

पहिली वेळ १९८९ चा फेब्रुवारी. उत्तर स्वीडनमध्ये बर्फावर गाड्यांच्या चाचण्या चालू होत्या. फ्रँक-वेर्नर मोन नावाचा मर्सिडीजचा तरुण अभियंता बर्फाळ रस्त्यावरून घसरला आणि थेट कडेच्या खड्ड्यात गेला. ओढून काढणारी गाडी येईपर्यंत थांबण्यावाचून दुसरं काम नव्हतं. तिथे त्याच्या डोक्यात आलं, की एबीएसमुळे प्रत्येक चाक किती वेगाने फिरतंय हे गाडीला कळतंच. पण गाडी स्वतःभोवती गिरकी घेतेय हे तिला कळत नाही. तेवढं कळलं, तर एकाच चाकाचा ब्रेक लावून गिरकी थांबवता येईल. गिरकी मोजायला लागतो जायरोस्कोप. तो मोनने आणला कुठून? रिमोटवर उडणारं खेळण्यातलं हेलिकॉप्टर विकत घेतलं आणि त्यातला काढला. खेळण्यातला भाग गाडीला पुरेसा नव्हता, पण कल्पना चालते एवढं त्याने दाखवून दिलं. पुढे बॉशबरोबर सहा वर्षं काम चाललं आणि १९९५ मध्ये एस-क्लासच्या कूपेमध्ये, म्हणजे दोन दारांच्या गाडीत, ही यंत्रणा आली. तिचं नाव ईएसपी. अर्थात मिळाली ती सर्वांत महागड्या गाडीला. नवी सुरक्षा आधी श्रीमंताला का, हा प्रश्न मला नेहमी पडतो. खाली वाकून गाडी ढकलायची वेळ ज्याच्यावर येते, त्याला ती आधी मिळायला हवी. असो.

दुसरी वेळ १९९७. मर्सिडीजने ठरवलं होतं की आता छोटी गाडीही बनवायची. तिचं नाव ए-क्लास. लांबी ३.५७ मीटर, म्हणजे पावणेबारा फूट. पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर आठ फुटांच्याही आत. उंची मात्र पाच फुटांहून जास्त, कारण जमीन दुहेरी होती. खाली एक तळ, वर दुसरा तळ आणि मध्ये पोकळी. समोरून धडक बसली की इंजिन माणसांच्या पायांवर न येता त्या तळाखाली सरकावं, ही योजना. पुढेमागे त्या पोकळीत विजेवर चालणाऱ्या गाडीची बॅटरी ठेवता येईल, हाही हिशेब होता. डोकेबाज बनावट होती, यात शंका नाही. पण दुहेरी तळामुळे माणसं वर बसली. माणसं वर बसली की वजन वर जातं. गाडी आखूड, उंच, आणि वजन वर. हे तीन शब्द लक्षात ठेवा.

ऑक्टोबरमध्ये विक्री सुरू झाली आणि २१ तारखेला स्वीडनच्या ‘तेक्निकेन्स वाल्ड’ या मोटार-मासिकाचा रॉबर्ट कोलिन गाडी चाचणीला घेऊन गेला. स्वीडनमध्ये जंगलातून एल्क रस्त्यावर येतात. एल्क म्हणजे चारपाचशे किलोंचा, उंच पायांचा हरीण. विदर्भातल्या रात्रीच्या रस्त्यावर रोही आडवा येतो ना, त्याच्या दुप्पट समजा. पाय उंच असल्यामुळे बंपर पायांना लागतो आणि अख्खं धड काचेवर येतं. म्हणून तिथले लोक गाडी बघताना विचारतात, अचानक चुकवता येईल का? त्याचीच चाचणी. भरलेली गाडी, साठेक किलोमीटरचा वेग, समोर शंकूंची रांग. ॲक्सिलरेटर सोडायचा, ब्रेक लावायचा नाही, झटकन डावीकडे आणि लगेच उजवीकडे आपल्या लेनमध्ये परत. ए-क्लास डावीकडे गेली. उजवीकडे वळवली. आणि आतली दोन चाकं उचलली गेली ती गेलीच. गाडी टपावर.

एल्क तिथे नव्हताच, श्रोतेहो. मैदान मोकळं, फक्त शंकू.

गाडी पहिल्या वळणाला का उलटली नाही? हे समजून घ्या, कारण तुमची गाडीही अशीच वागते. डावीकडे वळवलं की अंग उजवीकडे कलतं आणि उजव्या स्प्रिंगा दबतात. लगेच उजवीकडे वळवलं की त्या दबलेल्या स्प्रिंगा उसळी मारतात, आणि वळणाचा जोरही अंगाला डावीकडेच फेकतो. दोन जोर एकत्र. सगळा भार डाव्या टायरांवर, उजवी चाकं अधांतरी. टायर घसरला तर गाडी सरकते. टायर धरून राहिला तर गाडी उलटते. तेव्हा पुन्हा सांगतो, गाडी उलटते ती चुकवताना नाही, परत येताना.

कंपनीने आधी हात झटकले. चाचणीच अघोरी म्हणे. मग टायरांवर ढकललं. तोपर्यंत फोटो सगळीकडे पोहोचले होते. एका जर्मन वर्तमानपत्राने तर पूर्व जर्मनीची जुनी ट्राबांट आणली. दोन सिलिंडरची, टू-स्ट्रोक, धूर ओकणारी, नव्वदच्या सुमारासच उत्पादन थांबलेली. तिला त्याच चाचणीतून नेलं आणि ती आरामात पार झाली. ज्या कंपनीने मोटारगाडी जन्माला घातली तिची गाडी टपावर, आणि ट्राबांट चाकांवर! हसू नये तर काय करावं.

ऑक्टोबरअखेर कंपनीने जाहीर केलं की प्रत्येक ए-क्लासला ईएसपी बसवू. कोणती? तीच, खड्ड्यात सुचलेली. टीका थांबेना, तेव्हा नोव्हेंबरमध्ये विक्रीच बारा आठवडे थांबवली. गाडी खाली घेतली, सस्पेन्शन कडक केलं, टायर बदलले, आणि वळणात पुढची चाकं आधी घसरतील अशी बांधणी केली. विकलेल्या गाड्याही परत बोलावून दुरुस्त केल्या. खर्च सुमारे ३० कोटी जर्मन मार्क. जाहिरातीत टेनिसपटू बोरिस बेकरला उभं केलं. १९९८ च्या फेब्रुवारीअखेर गाडी पुन्हा विक्रीला आली आणि ते मॉडेल पुढे ११ लाखांच्या आसपास खपलं.

याचा परिणाम बघा. सर्वांत महागड्या गाडीची यंत्रणा सर्वांत छोट्या गाडीत आली. बॉशला उत्पादन वाढवावं लागलं, किंमत उतरली, आणि ‘छोट्या मर्सिडीजला आहे, मग तुमच्या गाडीला का नाही?’ असं गिऱ्हाईक इतर कंपन्यांना विचारू लागलं. १९९९ मध्ये मर्सिडीजच्या सगळ्या मोटारींत ईएसपी आली. २०१४ च्या नोव्हेंबरपासून युरोपात नव्या प्रत्येक मोटारीला ती सक्तीची झाली.

नाव मात्र एकदा सावरलं म्हणजे कायमचं सावरलं असं नसतं. त्याच काळातल्या ई-क्लासला गंज लागला, २००५ मध्ये तेरा लाख गाड्या दोषांसाठी परत बोलवाव्या लागल्या, आणि डिझेलच्या धुरावरून २०२० मध्ये अमेरिकेत दीड अब्ज डॉलर भरण्याची तडजोड झाली. आपल्या पुण्याजवळ चाकणला २००९ पासून मर्सिडीजचा कारखाना आहे. तिथून निघणाऱ्या गाड्यांत आता पडदे एवढे मोठे, की एसी कमी करायलाही बोट फिरवावं लागतं. साधी गोल खुंटी होती ती काय वाईट होती?

आता तुमच्या गाडीकडे येऊ. ईएसपी काय करते? प्रत्येक चाकाला सेन्सर, स्टिअरिंगला सेन्सर, आणि गाडीच्या मध्याजवळ गिरकी मोजणारा सेन्सर. तुम्ही स्टिअरिंग कुठे वळवलंय आणि गाडी खरोखर कुठे चाललीय, हे ती सेकंदाला पंचवीसदा ताडून बघते. मागचा भाग बाहेर फिरू लागला, तर वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक धरते. पुढची चाकं सरळच जाऊ लागली, तर आतल्या बाजूचं मागचं चाक धरते. सोबत इंजिनचा जोर कमी करते. पुन्हा ऐका: मागचं फिरलं तर बाहेरचं पुढचं, पुढचं घसरलं तर आतलं मागचं.

पण टायर गुळगुळीत असतील तर ती काय धरणार? नवी गाडी घेताना लोक सनरूफ आहे का ते आधी विचारतात आणि ईएसपी आहे का ते विचारतच नाहीत. आणि मग त्याच छतावर कॅरिअर बांधून लग्नाचं सामान लादतात. बहुतेक छोट्या गाड्यांच्या छताची मर्यादा पन्नास ते पंचाहत्तर किलो असते आणि कॅरिअरचं वजनही त्यातच धरायचं. वजन वर गेलं की तुमच्या गाडीचीही ए-क्लास होते. सामान आत, खाली, मागच्या सीटला टेकवून ठेवा.

जनावर आडवं आलं तर आधी सरळ रेषेत पूर्ण ताकदीने ब्रेक. एबीएसमुळे पेडल पायाखाली थरथरतं, घाबरून पाय काढू नका. वळवायचंच झालं तर गरजेपुरतं वळवा, आणि परत येताना स्टिअरिंग झटकू नका.

डॅशबोर्डवर गाडी आणि नागमोडी रेघा असा पिवळा दिवा असतो. चालताना तो लुकलुकला तर यंत्रणा काम करतेय, पाय हलका करा. सतत पेटून राहिला तर ती बंद आहे किंवा बिघडली आहे. सोबत एबीएसचा दिवाही पेटला, तर बहुधा चाकाजवळचा सेन्सर असतो. चिखल, लोखंडाचा कीस, नाहीतर उंदराने कुरतडलेली वायर. आधी तो पुसायला सांगा, लगेच महागडं युनिट बदलू नका. ब्रेक-लाइटचा स्विच खराब झाला तरी अनेक गाड्यांत हा दिवा लागतो. चाकांच्या अलाइनमेंटनंतर लागला, तर स्टिअरिंगच्या सेन्सरचं शून्य स्कॅनर लावून पुन्हा जुळवावं लागतं. बॅटरी काढून लावल्यावर लागला, तर पुष्कळ गाड्यांत इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे फिरवलं की तो जातो. एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर घातला असेल तरी यंत्रणा गोंधळते.

आणि ‘ईएसपी ऑफ’चं बटण? ते चिखलात किंवा वाळूत रुतल्यावर वापरायचं, कारण चाक जागीच फिरू लागलं की ईएसपी इंजिनचा जोर काढून घेते आणि गाडी निघत नाही. बटण दाबा, गाडी बाहेर काढा, डांबरी रस्त्यावर आलात की लगेच परत चालू करा. नमस्कार.